बासष्टावा रकाना

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सहकारी संघाच्या कचेरीत नवा संगणक आला आणि जुन्या सभासदांची फाइल त्यावर चढवायचं काम चांगुणाकडे आलं. फाइल चौऱ्याहत्तर सालची, पुण्याहून छिद्रांच्या कार्डांवर पंच करून आणलेली. एका माणसाची एक ओळ, ऐंशी रकाने, मध्ये कुठं खूण नाही. नाव कुठं संपतं नि गाव कुठं सुरू होतं, हे फक्त जुन्या प्रोग्रामला ठाऊक. आता मात्र प्रत्येक माहितीला नाव द्यायचं होतं, तिचा अर्थ फाइलीतच लिहून ठेवायचा होता.

बासष्टावा रकाना अडला. तो बहुतेक ओळींत कोरा होता. एक्केचाळीस ओळींत नऊचा आकडा. प्रोग्राम एवढंच सांगत होता, नऊ दिसला की ती ओळ सोडून पुढं जा. चौदा वर्षं ही माणसं कुठल्याच यादीत छापली गेली नव्हती, तरी फाइलीत बसून होती. त्यांत एक ओळ तिच्या वडिलांची होती. कोंडिबा.

बहात्तरच्या दुष्काळात ते तलावाच्या कामावर गेले, ते परतले नाहीत. आई, बनाबाई, अजून हिरव्या बांगड्या भरत होती.

"चांगुणाबाई, भुतं काढायला बसलात काय?" व्यवस्थापक आण्णासाहेब म्हणाले. "राखीव म्हणून नाव टाका नि चला पुढं."

तिनं टाकलं नाही. ती येडशीला गेली, हे रकाने आखणाऱ्या गोरोबा कारकुनाकडे. म्हातारा बाजेवर बसला होता. तिनं वडिलांचं नाव सांगितलं, बासष्टाव्या रकान्यातला नऊ कशाचा ते विचारलं.

"कामावर पटकी आली होती, पोरी. गेलेल्या सभासदांची यादी मुकादमानं आमच्याकडं संघात धाडली. माती तिथंच दिली होती."

"मग घरी का कळवलं न्हाय, काका?"

"मयताचा सांगावा गावोगाव न्यायचं काम आधी तुमच्या लोकांवर टाकलेलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासनं तुमी ते सोडलं. बराबर केलं. पण मग आमच्यातलं कुणी उठंना. ते आपलं काम न्हाय म्हणं. मीबी त्यातलाच. मयत लिहावं तर घरी सांगावं लागंल, हयात लिहावं तर सभेत नाव पुकारलं जाईल. म्हणून नऊ टाकला."

"एक पोस्टकार्ड तरी टाकायचं होतं."

"हात उचलला न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं रकान्याला नाव दिलं: सांगावा. अर्थाच्या जागी लिहिलं, मयत, घरी कळवलेलं नाही. आण्णासाहेबांनी वाचलं आणि सही केली.

आई ज्वारी निवडत होती. चांगुणानं सगळं एका दमात सांगितलं. आईचे हात थांबले, मग पुन्हा खडे वेचू लागले.

"बाकीच्यांच्या घरी कळलंय?"

"न्हाय. मी जाणार हाय."

"तुझ्या बापानं ते काम टाकून दिलं होतं. पाटलाच्या तोंडावर."

"त्यांच्यावर लादलेलं होतं, आय. मला कुणी सांगितलेलं न्हाय."

रविवारी ती मुरुमला उतरली. यादीतलं पहिलं घर शरणम्माचं, तिच्या नवऱ्याच्या ओळीतही नऊ होता. कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. म्हातारीनं तिच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"आले का ओ ते?" म्हणाली.

चांगुणा सांगायला उंबऱ्याबाहेर खाली बसली.