गणूनं सोडलेला डाग

स्वयंपाकघराच्या दाराशी, बसल्या माणसाच्या उंचीवर, भिंतीला तेलाचा डाग आहे. बायको तिथं डोकं टेकून तांदूळ निवडायची. गणू रंगारी दर दिवाळीला तो बुजवायचा नि म्हणायचा, “वहिनी, तेल जरा कमी चोपडा!”

“तू रंग जरा घट्ट लाव,” ती म्हणायची.

ती गेली त्या साली गणूनं सगळी भिंत रंगवली, डाग तेवढा सोडला. मी ओरडलो, “आंधळा झालास काय रे?” तो ब्रश धूत बसला. मग मी डागाकडं पाहिलं नि त्याच्यासाठी चहा टाकला.

माणूस गेलं की जो तो आवरायला धावतो. गणू धावला नाही.

परवा गणूही गेला. आता नव्या रंगाऱ्याला डाग का ठेवायचा, ते तोंडानं सांगावं लागणार. मला ते जमायचं नाही. यंदा रंग नको.