एकाच खणातले शिंपले

सलीमभाई गेले त्याला दीड महिना झाला. हार्ट अटॅक. फोन आला तेव्हा मी दुबईत, देराच्या आमच्या माती-तपासणी लॅबमध्ये होतो. खरं सांगतो, दुःखाआधी मला त्यांचा रागच आला.

नव्वदच्या दशकात आम्ही या लॅबमध्ये भेटलो. ते दाभोळ खाडीकाठचे, दहावी नापास, आधी कच्छमध्ये ड्रिलिंगवर होते. मी जिऑलॉजीचा बीएस्सी, घरातला पहिला ग्रॅज्युएट, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. शुक्रवारी आम्ही अल ऐनकडच्या डोंगरात दगड झालेले शिंपले वेचायचो. त्यांनी कच्छहून आणलेले शिंपलेही हुबेहूब तसेच. म्हणजे कधीकाळी दोन्हीकडे एकच समुद्र... हे जातवार लावून लेख लिहायचा, हा माझा हट्ट. लग्नपत्रिकेबाहेर छापलेलं आमच्या घरातलं ते पहिलं नाव झालं असतं.

पहिल्या यादीत मी कालवांच्या दोन जाती दाखवल्या, एक खोलगट, एक चपटी. सलीमभाई हसत सुटले. "अरे पदवीधर, हा टोप आणि हे त्याचं झाकण! कालव कधी फोडलंयस का?" आमच्या घरात मासळीच नाही. यादी परत लिहिली.

पण त्यांची खोड? कुठला शिंपला कुठे सापडला, ते लिहायचेच नाहीत. "डोक्यात आहे ना!" वर दोन्हीकडचे एकाच खणात. मी चिडलो की म्हणायचे, "समुद्र एक होता असं तूच म्हणतोस. मग भाऊबंदांना वेगळं कशाला बसवू?"

"सायन्स असं चालत नाही, भाई!"

"खलास. चहा घे."

मीच चिठ्ठ्या लिहिल्या असत्या तर? पण ग्रॅज्युएटनं कारकुनी करायची का, हा माझा ताठा.

परवा करामाला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी शिंपल्यांची खणाखणांची पेटी पुढे ठेवली. मी वही मागितली.

"वही कसली? म्हणायचे, तो आहे ना, त्याला सगळं सांगितलंय."

सांगितलं होतं. गाडीत, दर शुक्रवारी, एकेक शिंपला हातात देऊन. मी कागदावर हवं म्हणून अडून बसलो होतो, ऐकत नव्हतो...

एका खणातून दोन कालवं उचलली. भिंगाखाली उलटीसुलटी केली. कच्छचं कुठलं, इथलं कुठलं, मला सांगता येईना. हेच तर दाखवायचं होतं, आणि आता तेच छापता येणार नाही.

"ओळखलीस ना?" भाभींनी विचारलं.

मी हो म्हटलं.