जहाज समोरच होतं

तेरच्या स्टँडवर धाराशिवची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीतून हात घालून माझी कानटोपी खाली ओढली. भर दुपार, डोकं घामानं भिजलेलं.

"अण्णा, बर्फ तिकडं हाय."

"तिकडं कोण ओढणार हाय?"

मी अंटार्क्टिकाला निघालो होतो. पृथ्वी तापत चालली असताना तिथला समुद्र हिवाळ्यात किती गोठतो, ते मोजायला.

मार्चच्या सुरुवातीला तिथल्या तळावर अक्काचा फोन आला. ही माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. अण्णांच्या किडन्या गेल्या होत्या. "येतो का?" मी म्हणालो, "शेवटचं जहाज गेलं गं. आता बर्फ फुटेपर्यंत सुटका न्हाय."

जहाज गेलं नव्हतं. बर्फाच्या कडेला, माझ्या समोर उभं होतं. अजून चार दिवस थांबणार होतं. तळाचे प्रमुख स्वतःहून म्हणाले होते, जा.

मी राहिलो. का, ते अजून धड सांगता येत नाही. हिवाळ्याच्या नोंदींत खंड पडला असता, हे खरंच. पण तेवढंच होतं का? अण्णांना अंथरुणावर बघायची भीती होती? की तिथली शांतता सोडवत नव्हती? दर वेळी उत्तर बदलतं.

जूनमध्ये अण्णा गेले. दहाव्याला तेरणेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. भावकीतलं कुणी म्हणालं, "पोरात जीव अडकलाय." शेवटी अक्कानं हात जोडले, "अण्णा, त्यो आला असता. जहाजच निघून गेलं. राग धरू नका." आणि कावळा उतरला.

हे तिनंच मला फोनवर सांगितलं. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

कावळ्यावर माझा विश्वास नाही. तरी तो माझ्या खोट्यावर उतरला, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. गोव्यात घर झालं, संसार झाला. विरळ होत चाललेल्या बर्फावर परिषदांतून बोलतो, लोक माझे आकडे खरे धरतात.

गेल्या महिन्यात तेरला गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबले.

"म्हंजी म्या अण्णांशी खोटं बोलले व्हय रे?"

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला वाटलेलं, ती चिडेल, रडेल, मग माफ करेल. ती पुन्हा तूर निवडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "जेवून जा."

माझं ओझं उतरलं नाही, तिच्यावर मात्र चढलं. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर अजून तेरच सांगतो. पण निघायच्या आधी आता फोन करून विचारतो, अक्का, येऊ का? पूर्वी कधी विचारलं नव्हतं.