बोटमास्तरांचा रिकामा वर्ग

सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांना अख्खी गल्ली बोटमास्तर म्हणायची, ते त्यांच्या परीक्षेमुळे. प्रत्येकाने टेबलाचा एक खण बनवायचा आणि मास्तर तो एका बोटाने ढकलणार. आवाज न करता आत गेला, की शिक्षण संपलं. अडकला, तर "शोध" एवढंच म्हणून मास्तर पुढे. चूक ज्याची त्याने शोधायची. मास्तर आत डोकावूनही बघायचे नाहीत.

वर्ग चालायचा सरकारी अनुदानावर. बेकार मुलामुलींसाठी सहा महिने, वीस जागा, शिक्षण फुकट. पण मास्तरांना सहा महिने धीर कुठला! ज्याचा खण सरकला, त्याच्यासाठी ते त्याच दुपारी ओळखीच्या कारखान्यात फोन लावायचे आणि त्याला तिकडे पिटाळायचे. "तयार माणूस इथे ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय?" असं त्यांचं म्हणणं.

पाचव्या महिन्यात वर्गात उरले तीन, आणि नेमकी तेव्हाच तपासणीची नोटीस आली. शेवटच्या परीक्षेला वीसपैकी पंधराजण हजर नसतील, तर पुढच्या वर्षापासून अनुदान बंद. मधेच कामाला लागलेले कागदोपत्री 'शिक्षण अर्धवट सोडलेले'.

"म्हणजे शिकला तो वजा, आणि शिकायचा राहिला तो जमा? हे कुठलं गणित?" मास्तर वर्गाच्या कारकुनावर उखडले.

कारकून जुना मित्र. "माझ्यावर कशाला डाफरतोस? सगळ्यांची हजेरी लाव आणि हो मोकळा."

मास्तरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. खोटं लिहायला हात काही धजेना. घरी बायको म्हणाली, "अहो, मग पोरांना चार दिवस परत बोलवा की!" मास्तरांनी एकाला फोन केलाही.

"येतो मास्तर," तो म्हणाला. "मालकाने काढलं तर काढलं."

"खबरदार आलास तर!" म्हणून मास्तरांनी फोन आपटला.

तपासणीला आलेल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून रिकाम्या बाकांकडे पाहिलं. दोन मुलगे रंधा मारत होते आणि एक मुलगी मान खाली घालून खण पुसत होती.

"ही हुशार आहे हो," मास्तर ओशाळून म्हणाले. "पण महिना झाला, हिचा खण काही सरकत नाही."

बाईंना मास्तरांचे नियमबियम काय माहीत! त्यांनी खण खसकन बाहेर ओढला आणि फटीतून पुठ्ठ्याची घडी जमिनीवर पडली. बाईंनी खण परत बसवून एका बोटाने ढकलला. गेला की सुळकन आत!

मास्तर मुलीकडे बघतच राहिले. "तू मुद्दाम अडकवलास?"

"मीही गेले असते तर वर्गात कोण राहिलं असतं?" मुलगी म्हणाली. "वर्ग बंद पडेल ना, मास्तर."

मास्तरांना एकदम भरून आलं आणि तितकाच रागही आला. "वर्ग बंद पडला तर मी घरी बसेन. तुला काय मी घरी बसायला शिकवलंय?" असं म्हणत त्यांनी बाईंच्या देखत कारखान्यात फोन लावला. "उद्यापासून एक मुलगी पाठवतोय. आजवरच्या सगळ्यांत पक्की."

"मास्तर," बाई म्हणाल्या, "आता तुमच्याकडे दोनच उरले. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय."

बाईंनी वहीची पानं थोडा वेळ नुसतीच चाळली. "परीक्षा कामाच्या दिवशीच घ्यायची, असं नियमात कुठेही नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी ठेवा. पोरं येतात का बघू."

आली की! रविवारी सकाळी कपड्यांवर कालचा भुसा तसाच घेऊन सतरा जण आले, आणि हे दोघे होतेच. बसायला बाकं पुरेनात. मास्तर नाव पुकारत होते, पोरं आरोळ्या ठोकत होती, आणि कारकून हसतहसत मोजत होता. एकोणीस. अनुदान वाचलं.

विसावी तेवढी आली नाही. तिचा फोन सकाळीच येऊन गेला होता. "मास्तर, नाही हो जमणार. मोठं काम आलंय आणि मालक म्हणतात, तू नसलीस तर सगळं अडेल."

मास्तरांनी तिच्या नावापुढे ठसठशीत अक्षरात 'गैरहजर' लिहिलं, आणि लिहिताना त्यांची छाती अशी काही फुगली, की कारकुनाने घाबरून विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?"