रपट्यावरची एक रेघ

आधी माझी चूक सांगतो, मग अनुभव. उलटं सांगितलं तर तुम्हाला अनुभव लक्षात राहील आणि चूक विसरून जाल... ते मला नको आहे.

मी अमरावतीला राहतो. वय बावन्न. विभागातले रस्ते आणि पूल यांचा वार्षिक आराखडा बनवणाऱ्या एका समितीच्या कार्यालयात तांत्रिक सहायक आहे. कोणतं काम यंदा घ्यायचं आणि कोणतं पुढे ढकलायचं, याची प्राधान्य यादी आम्ही तयार करतो. त्यासाठी जागेवर जाऊन गणना करावी लागते. रस्त्याच्या कडेला बसायचं, तासातासाच्या ओळी असलेला तक्ता मांडीवर घ्यायचा आणि बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर, पायी माणूस, जे जाईल त्याची एक उभी रेघ मारायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी यादी त्या रेघांवर उभी असते.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरात तसं वातावरणच नव्हतं. वडील शिक्षक, बाबासाहेबांना मानणारे. जे दाखवता येत नाही ते मानायचं नाही, असं त्यांचं साधं सांगणं. हे लिहिताना त्यांची आठवण येते आणि थोडी लाजही वाटते.

मूर्तिजापूरहून कारंज्याच्या बाजूला निघालं की एका फाट्यापासून आत कच्चा रस्ता जातो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दोन वस्त्यांच्या मधून नाला वाहतो आणि त्यावर एक रपटा आहे, म्हणजे कठडे नसलेला, गुडघ्याइतक्या उंचीचा सिमेंटचा पट्टा. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. अलीकडे गाव, पलीकडे शाळा. तिथे पूल हवा, असा गावाचा अर्ज होता.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिथली गणना माझ्याकडे होती. मी गेलो नाही. फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतला, आलुबोंडा खाल्ला आणि तिथेच बसून तक्ता भरला. चार-दोन दुचाक्या, तीन बैलगाड्या. ‘पायी’च्या रकान्यात दिवसभर शून्य. माणसं लिहायची तर सकाळी किती, दुपारी किती याचा मेळ बसवावा लागतो, त्याचा कंटाळा आला. एवढंच कारण. त्या शून्यामुळे तो पूल यादीत खाली गेला.

त्याच पावसाळ्यात पेपरात बोटभर बातमी आली. शाळेत खिचडी शिजवणारी बाई रपट्यावरून वाहून गेली. गावाचं नाव वाचून मी पेपर घडी करून ठेवला. घरी काही बोललो नाही. ऑफिसातही नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत त्याच जागेची गणना पुन्हा माझ्याकडेच आली. या वेळी दोघं होतो, एक या काठावर आणि एक त्या काठावर. दोघांनीही ओलांडणारा प्रत्येक माणूस लिहायचा, म्हणजे तक्ते जुळतात. माझ्यासोबत नितीन होता. तिवस्याचा मुलगा, तीस-बत्तीस वर्षांचा, कायम चेष्टेच्या मूडमध्ये. तो पलीकडे शाळेच्या बाजूला बसला, मी गावाच्या बाजूला बाभळीखाली. सकाळी आठला सुरुवात केली. लख्ख ऊन, नाल्यात थेंबभर पाणी नाही, नुसती वाळू आणि गोटे.

दहाच्या सुमारास एक बाई आली. फिकट हिरवं लुगडं, फडक्यात बांधलेला डबा. माझ्याकडे न बघता रपट्यावर चढली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, हे मी पाहिलं. कुठे धुणं धुतलं असेल, असं वाटलं. रेघ मारायला मान खाली घातली. वर पाहिलं तर रपटा रिकामा. मी म्हटलं, गेली असेल पलीकडे.

बाराला नितीन इकडे आला. डबे उघडले आणि तक्ते जुळवले. माझ्याकडे एक पायी जास्त.

‘साहेब, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा,’ नितीन म्हणाला. ‘मी तठीच बसून राहिलो न. बाई गेली आन् मले दिसली नाही, असं होते काय? का मी बाईले पाहत नाही, असा वाटतो तुमाले?’

मीही हसलो. तेवढ्यात बकऱ्या चारणारे एक म्हातारे पाणी मागायला आले. देवराव नाव. त्यांना पाणी दिलं आणि सहज विचारलं, काका, दहा वाजता हिरव्या लुगड्यातली कोण बाई जाते हो इथून?

देवरावांनी बाटली खाली ठेवली. डब्याला फडकं बांधलेलं होतं काय, विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी रपट्याकडे पाहिलं.

‘माही बायको होती थे,’ ते म्हणाले. ‘कुसुम. शाळेत खिचडी शिजवे. दहाले जाये, चारले येये. एक रोज चारले आली नाही.’

नितीनच्या हातातला घास तसाच राहिला. देवराव मात्र घाबरलेले नव्हते. त्यांनी काठी उचलली आणि जाता जाता विचारलं, ‘साहेब, आमचा अर्ज होता पुलाचा. कागदावर लिवून आलं म्हणे का अठून कोनी पायी जातच नाही. असं काहून लिवलं असन कोनी?’

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, बघतो काका, चौकशी करतो.

मला तिथून पळायचं होतं. पण सहापर्यंत गणना पूर्ण करणं भाग होतं. मी नितीनला म्हटलं, आता तू या काठावर बस, मी पलीकडे जातो. ती गावाच्या बाजूने आली होती, म्हणून मला त्या बाजूला नको होतं. चार वाजता ती कुठून यायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शाळेची घंटा झाली. थोड्या वेळाने मागे कुणीतरी उभं आहे, असं जाणवलं. धुराचा आणि शिजलेल्या तांदळाचा वास आला. माझ्या मांडीवरच्या तक्त्यावर पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा. मान वळवायची हिंमत झाली नाही. पेन तेवढा हातात होता.

‘लिवा भाऊ,’ मागून आवाज आला. अगदी साधा, दमलेल्या बाईचा आवाज. ‘मी रोजच जातो.’

मी रेघ मारली. ओल्या कागदावर शाई पसरली. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि रपट्यावर चढली. सिमेंटवर ओल्या पावलांचे ठसे उमटत गेले, अर्ध्या रपट्यापर्यंत. तिथून पुढे एकही नाही. तीही नाही.

पलीकडे नितीन उभा राहून हात हलवत होता, काय झालं म्हणून विचारत होता. तो धावत आला तोवर उन्हाने ठसे वाळले होते. त्याला काहीच दिसलं नव्हतं. पण भिजलेला तक्ता त्याने पाहिला. पाण्याची बाटली सांडली काय, असं त्याने विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच आठवलं की बाटली त्याच्या पिशवीत होती, त्या काठावर. त्यानंतर मूर्तिजापूरपर्यंत त्याने एकही चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जुनी फाईल काढली, मी हॉटेलात भरलेला तक्ता. खाली माझी सही. ‘पायी’च्या रकान्यात दहा ते अकराच्या ओळीत एक उभी रेघ होती. चार ते पाचच्या ओळीत एक. माझ्याच निळ्या शाईत, माझ्याच हाताच्या तिरक्या वळणाची. संगणकावर त्याच कागदाचा स्कॅन आहे, मी स्वतः केलेला. त्यात दोन्ही ठिकाणी शून्य आहे. आजही आहे. कुणी म्हणेल, मीच नंतर भरलं असेल. मीही स्वतःला तेच विचारून पाहिलं. पण वर्षभर फाईल कपाटात बंद होती आणि किल्ली दुसऱ्याकडे.

पंधरा दिवसांनी यादी ठरवायची बैठक होती. आमच्याकडे दोन गणनांची सरासरी धरतात. जुनी गणना तशीच राहिली असती तर पूल यंदाही यादीबाहेर जाणार होता, आणि पावसाळा तर येणारच होता. बाईचं कुणाला सांगितलं नाही, कोण ऐकणार? एवढंच उभं राहून म्हणालो की पहिली गणना खोटी आहे, मी जागेवर गेलोच नव्हतो, ती काढून टाका. अध्यक्षांनी विचारलं, हे लेखी देता का? दिलं. चौकशी सुरू आहे, तिचं जे होईल ते होईल. पूल यंदाच्या यादीत आला. या पावसाळ्याआधी बांधून होणार नाही, हेही मला माहीत आहे.

जे पाहिलं आणि जे कानांनी ऐकलं त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. रपट्याच्या स्वप्नाने आजही दचकून उठतो. तुमच्यापैकी कुणाला काही सांगता आलं तर सांगा, पण मला वाटत नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या गावाला गेलो. देवराव ओसरीवर बकरीच्या पायातला काटा काढत होते. बसा म्हणाले, चहा टाकायला आत निघाले. मी बसलो नाही. त्यांच्यासमोर हात जोडले.

‘काका, तुम्ही विचारलं होतं, तसं का लिहिलं असेल कुणी. मी लिहिलं. त्या दिवशी मी इथे आलोच नव्हतो. फाट्यावर बसून शून्य लिहिलं. कुसुमबाई दहाला गेल्या होत्या, चारला आल्या होत्या आणि मी त्यांना लिहिलं नाही. माझं चुकलं, काका. मला माफ करा.’