टेस्ट कॉल झाल्यावर

आमच्या ह्यांचं शेवटचं पोस्टिंग वर बर्फात. मिलिटरीच्या सिग्नलमधी लाईनमन हुतं. म्हंजे ह्या चौकीपास्नं त्या चौकीपतूर फोनची केबल टाकायची, तुटली की जोडायची. फुडं ऑपरेटरच्या कोर्सला नंबर लागला. सोमवारी खाली उतरायचं, मग आत बसून रेडिओचं काम. मी कागलात सासूजवळ, पोरगी सा म्हैन्याची, नुसता सोमवार मोजत हुतो.

कोर्सची तयारी फोनवर माझ्यासंगं. मी सातवी शिकल्यालो, मला काय कळतंय त्यातलं!

"आवाज कसा येतो? ओव्हर."

"येतोय, पर दूध उतू गेलं की तुमच्यापायी. ओव्हर."

"माझं नाव घे. ओव्हर."

"न्हाय घेत, जावा. ओव्हर."

लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव कोन घेतंय हो?

शनवारी सकाळी सातला बर्फानं केबल तुटली. रेडिओत नुसती खरखर. वरच्या चौकीत एक जवान आजारी, डॉक्टरला इचारायचं कसं? ह्यांच्या जागी येनारा लाईनमन रस्त्यातच अडकल्याला. हे सगळं मागनं नाईक साहेब घरी येऊन सांगून गेलं, त्या दिशी खाली एक्स्चेंजवर, फोन जोडून द्यायला, त्येच बसल्यालं.

सुभेदार साहेब म्हनलं, "तुझी बॅग भरलीया. थांब."

"लाईन तुटलीया, साब. जातो."

एक जवान संगट घेतला. नऊ चाळीसला जोड मारला. जोड मारला की तिथनंच फोन लावून टेस्ट कॉल द्यायचा, नेमच हाय.

"एक्स्चेंज, टेस्ट कॉल. आवाज कसा?"

"क्लिअर. परत ये."

"जेवायला काय?"

"डाळ."

"मग हितंच ऱ्हातो."

नाईक साहेब हसलं. धा वाजता वरनं बर्फाचा कडा कोसळला. संगटचा जवान वाचला. त्येनं त्याच फोनवर, त्याच लाईनवर सांगितलं, "लाईनमन दबलाय. मानसं पाठवा." दीड तास उकरलं.

दुपारी माझा फोन वाजला. मला वाटलं ह्येच, पर पलटनीच्या हापिसातला मानूस हुता.

"ताई, तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा."

मी पोरगीला काखंत वर घेतली.

"ताई?"

शेवटी नाव घेतलं. संताजी.

पलीकडच्यानं नाव जुळवलं, मग हे गेल्याचं सांगितलं.

आता फोन वाजला की मी उचलत न्हाय, सासू उचलती. पोरगी तीन वर्साची झाली, बाचं नाव इचारती. घेतो. सिग्नलमन संताजी. ट्रेड लाईनमन. ऑपरेटर झालंच न्हाईत.