दोन दारांच्या दोन गाड्या

सावळीराम मिस्त्रींनी पस्तीस वर्षं नाशिकमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण जीव जडला तो एकीवरच. लाल रंगाची, उघड्या टपाची, साठ वर्षांपूर्वीची ती स्पोर्ट्स कार डॉक्टर रूपालीच्या वडिलांची. ते वारले आणि रूपालीनं मिस्त्रींना बंगल्यावर बोलावून घेतलं. लाल गाडीशेजारी तिची नवी, बंद टपाची करडी कूपे गाडी उभी होती.

"काका, आता एकच ठेवणार आहे. दोन्ही चालवून बघा आणि खरं काय ते सांगा."

सावळीराम जरा घुटमळले. "आमच्या मंडळीला संगं नेलं तर चालंल का, ताई?"

पहिल्या दिवशी ते लताबाईंना नव्या गाडीतून सायखेड्याला, त्यांच्या माहेरी घेऊन गेले. आत गारवा, रस्त्याचा खड्डा म्हणून जाणवेना. चांदोरी येण्याआधीच लताबाईंना डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी लाल गाडी काढली. किल्ली फिरवल्यावर तिसऱ्या खेपेला इंजिनानं सूर धरला. द्राक्षबागांवर धुकं उतरलं होतं, आणि गाडी इतकी बुटकी, की आपण त्या धुक्यातून पोहत चाललोय असं लताबाईंना वाटलं. डोक्यावरचा पदर त्यांनी दोनदा सावरला, मग उडू दिला. लहानपणी गोदावरीत डुंबायचो तसंच हे, असं त्या वाऱ्यावर मोठ्यानं सांगत राहिल्या.

सायखेड्याच्या पुलाजवळ गाडी खोकली आणि थांबली. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला होता, पाच मिनिटांचं काम. सावळीरामांनी मान वर करून पाहिलं. लताबाई सीटवर मांडी घालून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी नदीवरची वाफ बघत होत्या. मग सावळीरामांनी त्या कामाला चांगला अर्धा तास लावला.

"लय वर्षं तुमच्या तोंडून ऐकलं हिचं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लोखंडात काय एवढं?"

परतल्यावर सावळीराम रूपालीसमोर उभे राहिले. खोटं बोलणं सोपं होतं.

"ताई, रोज दवाखान्यात जायला तुमची नवीच पायजे. ब्रेक पक्के, पाऊस आत येत नाय, कुठं अडकवत नाय. ही कुठंही थांबती. हिला सवडीचा माणूस लागतो."

"मग विकू?"

त्यांनी लाल गाडीच्या बॉनेटवरची धूळ हातानं पुसली. "कोपऱ्यात पडून गंजंल ताई. चालवणाऱ्याला द्या."

महिन्याभरानं पुण्याचे एक हौशी गृहस्थ ट्रेलर घेऊन आले. सावळीरामांनी स्वतःच्या हातानं पट्टे आवळले, नव्या मालकाला तिच्या सगळ्या खोड्या समजावल्या. ट्रेलर वळला, रस्ता मोकळा झाला, तरी ते तिथंच उभे होते. लताबाई शेजारी येऊन थांबल्या आणि त्यांनी, भर रस्त्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, नवऱ्याचा काळवंडलेला हात आपल्या हातात घेतला.